शोधग्रामचा माँ दंतेश्वरी दवाखाना: पेशंटसोबत अख्खं घर येऊन राहतं अशी जागा

धानोरा, कोरची, कुरखेडा, एटापल्ली साइडचे कोणी असाल आणि घरातल्या माणसाला मोठ्या तपासणीला किंवा ऑपरेशनला कुठे न्यावं असा प्रश्न पडला असेल तर हे पूर्ण वाचा, थोडं लांब झालंय पण तुकड्यात सांगण्यासारखं नाही हे. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार, आणि ते मशिनी किती भारी आहेत किंवा बिल्डिंग किती चकाचक आहे म्हणून नाही. सोबत आलेल्या नातेवाइकांना तिथे कसं वागवतात त्यासाठी देऊन राहिले.

मी धानोरा तालुक्यात एका आश्रमशाळेत शिकवते. आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एक मावशी आहेत, गोंड समाजाच्या, पन्नाशीच्या आसपास. त्यांच्यासोबत मी दवाखान्यात होते. त्यांना विचारून आणि काय लिहिणार ते वाचून दाखवूनच इथे टाकतेय, नाव मात्र टाकत नाही.

आधी जागेबद्दल. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की सतराएक किलोमीटरवर चातगावच्या अलीकडे-पलीकडे शोधग्राम लागतं, एसटी आणि काळीपिवळी दोन्ही त्याच रोडने जातात, ड्रायव्हरला नुसतं 'सर्च'ला (शोधग्राम चालवणारी संस्था) उतरायचंय म्हटलं तरी कळतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करताहेत आणि १९९३ मध्ये हे शोधग्राम उभं राहिलं. तिथले लोक त्यांना नायना आणि अम्मा म्हणतात, सर-मॅडम फार ऐकू येत नाही. गेटमधून आत शिरलं की आपण दवाखान्यात आलोय असं वाटतच नाही. झाडं, बसकी घरं, आणि वॉर्डच्या जागी झोपड्या. पेशंटने तिथे राहायचं आणि त्याच्यासोबत घरच्यांनीही राहायचं.

हे असं काऊन केलं ते समजून घेतलं पाहिजे, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की छान 'आदिवासी लूक' दिलाय, फोटो चांगले येतात वगैरे. तसं नाहीये ते. दवाखाना बांधायच्या आधी त्यांनी इथल्या गोंड लोकांना विचारलं होतं की तुम्ही मोठ्या दवाखान्यात का जात नाही, आणि लोकांनी सरळ सांगितलं की आम्हाला भीती वाटते. मोठमोठ्या भिंती, आत गेलं की बाहेरची वाट सापडत नाही. बोलतात ती भाषा कळत नाही. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात फिरतात, आणि आमच्यात पांढऱ्यात गुंडाळतात ते मेलेल्या माणसाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणसाला आत घेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. मग ज्या गोष्टींची भीती होती त्या काढून टाकून दवाखाना बांधला. वाट बघायची जागा गोटूलसारखी, म्हणजे गोंड गावात लोक जमतात त्या घरासारखी, राहायला झोपड्या, पाट्या गोंडीत, गोंडी बोलणारी माणसं मदतीला, आणि दवाखान्याला नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी, जिचं मोठं ठाणं तिकडे बस्तरात दंतेवाड्याला आहे. देवीचं देऊळ आवारातच आहे.

आता मावशींचं. त्यांना अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकण्याचा त्रास होता. धाकट्या लेकराच्या बाळंतपणापासूनचा, म्हणजे ते लेकरू आता मोटरसायकल चालवतंय इतका जुना. बाळंतपणानंतर लगेच रोवणीला वाकलं, मोहाच्या टोपल्या उचलल्या, जळणाच्या मोळ्या डोक्यावर आणल्या, आणि नंतर आमच्या शाळेत त्या दोनशे पोरांच्या भाताच्या गंजाशी (मोठ्या पातेल्याशी) उभ्या. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं तेसुद्धा तांदूळ निवडता निवडता, खाली बघून, मधे एकदा थांबून दाराकडे पाहून घेतलं की कोणी ऐकत तर नाही. आणि हे फक्त त्यांचं नाहीये हो. राणी बंगांनी याच जिल्ह्यात वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायकांची तपासणी केली होती, त्याचा पेपर १९८९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आला, त्यात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. मला हा आकडा आधीपासून माहीत होता, पण मावशी बोलल्या तेव्हा त्या ९२ मध्ये कोण कोण बसलंय ते डोळ्यासमोर आलं.

मावशी आधी नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या, नाव घेत नाही. तिथे नियम असा की एका पेशंटसोबत एक माणूस, त्याच्या गळ्यात पास, बाकीचे गेटबाहेर. मावशींसोबत नवरा, भाऊ, सून आणि म्हातारा सासरा असे गेले होते. फॉर्मवर एकच रकाना, सोबतच्या माणसाचं नातं काय. भावाने पास घेतला कारण थोडंफार मराठी-हिंदी तोच बोलतो, तर काउंटरवर म्हणाले नवरा असताना भाऊ कशाला. आता यांचं घर कसं आहे ते सांगते म्हणजे समजेल. मावशींची सून म्हणजे त्यांच्याच सख्ख्या भावाची मुलगी, गोंडांमध्ये आतेभाऊ-मामेबहीण असं लग्न जुळवणं चांगलं मानतात, म्हणजे तो भाऊ एका अंगाने माहेरचा आणि दुसऱ्या अंगाने व्याही. माहेर सात देवे, सासर सहा देवे (किती देव पुजतात त्यावरून पडलेले गोंडांचे गट, लग्न वेगळ्या गटातच होतं), सोयरीक दोन्हीकडून पक्की. अशा घरात बाईच्या पोटावर सुरी चालणार असेल तर भावाला विचारल्याशिवाय नवरा होच म्हणू शकत नाही, आणि म्हटलं तरी ते धरलं जात नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर सगळे त्याला विचारतील, आम्हाला न सांगता कसा काय अंगठा दिलास. त्या काउंटरवरच्या माणसाला हे कोण सांगणार, आणि त्याच्याकडे तरी वेळ कुठे. रात्री सगळे फुटपाथवर झोपले, सासऱ्याला ताप चढला, आणि ऑपरेशनच्या कागदावर सही होण्याच्या आधीच हे लोक मावशींना घेऊन परत आले. कागदोपत्री त्याला म्हणतात 'पेशंट सल्ला न मानता निघून गेला'. असे किती जण निघून गेले असतील आणि किती जणांबद्दल 'आदिवासी लोक अडाणी, ट्रीटमेंट पूर्ण करत नाहीत' असं बोललं गेलं असेल, याचा मला खरंच फार राग येतो.

शोधग्रामला आम्ही गेलो तेव्हा बरोबर किती माणसं आहेत हे कोणी मोजलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आधी मावशींना एकटीला आत तपासलं, सोबत गोंडी बोलणारी एक ताई होती. आणि मग मावशींनाच विचारलं की घरच्यांना काय आणि किती सांगायचं, काय नाही सांगायचं. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण घरचे आले म्हणजे बाईचं सगळंच त्यांच्यासमोर उघडं करायचं असं नसतं. मावशी म्हणाल्या, पिशवीचं ऑपरेशन आहे एवढं पुरुषांना सांगा, बाकीचं सुनेला आणि जावेला मी सांगते. मग पुरुष मंडळींना बसवून सांगितलं, ताईंनी गोंडीत उलगडून सांगितलं, काय कापतात, शुद्ध कशी जाते, परत कशी येते, नंतर किती दिवस ओझं उचलायचं नाही. भावाने विचारलं ते प्रश्न माझ्या डोक्यातही आले नव्हते. काढलेल्या पिशवीचं पुढे काय करता हे त्याने विचारलं. धान कापणीपर्यंत ती वाकू शकेल का हेही विचारलं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळालं. आणि शेवटी 'आता सही करा' असं कोणी म्हटलं नाही, विचार करा आणि मग सांगा म्हणाले.

विचार करायला वेळ लागला. याच रोडवर पुढे मेंढा-लेखा गाव आहे, ज्यांना माहीत असेल त्यांना माहीतच आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव, २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं. तिथे ग्रामसभेत मतदान करून निर्णय घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. एकाचा जरी विरोध असेल तरी थांबतात, परत बोलतात. बाहेरून लोक ते बघायला येतात आणि कौतुक करतात की बघा काय लोकशाही आहे. पण हीच माणसं दवाखान्यात आल्यावर आपण अपेक्षा करतो की पाच मिनिटांत एकाने सही करावी. घरात बसतात तसंच ती इथेही बसणार. फोनवर गावच्या पेरमाशी, म्हणजे गावपुजाऱ्याशीही बोलणं झालं, सासऱ्याने देवीसमोर तांदळाचे दाणे टाकून कौल घेतला, जावेने स्वतःच्या बहिणीचं असंच ऑपरेशन झालं होतं ते सांगितलं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम त्या बोलण्याने केलं. शेवटी भाऊ उठून आला आणि म्हणाला, करा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचं थोडं सांगते. संध्याकाळी सुनेने घरून आणलेल्या तांदळाचा भात टाकला, डाळ आणि सुकवलेली मासोळी. मावशींना काही खायचं नव्हतं पण त्यांना पातेल्याजवळ बसायचं होतं, तर त्या बसल्या आणि सुनेला मीठ किती, पाणी किती ते सांगत राहिल्या. जावेने त्यांच्या डोक्याला मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल लावलं, वेणी घट्ट घातली. सासरा दारात घोंगडी टाकून आडवा झाला, दारातच, म्हणजे रात्री कोणी आत-बाहेर गेलं तर त्याला ओलांडूनच जावं लागेल असा. सगळे गोंडीत गप्पा मारत होते, मला अर्धं कळत होतं, कोणाच्या तरी बैलाचं काहीतरी चाललं होतं आणि मावशी खळखळून हसल्या. नागपूरच्या दवाखान्यात याच बाईचं ब्लडप्रेशर इतकं वाढलं होतं की गोळ्या देऊन खाली आणायला लागलं. इथे सकाळी बीपी बघितलं तर नॉर्मल. मी डॉक्टर नाही, कारणं अजून काही असतील, पण मला जे दिसलं ते लिहितेय.

ऑपरेशन नीट झालं, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, नीट झालेल्या ऑपरेशनची गोष्ट तशी छोटीच असते. स्टाफ नीट बोलतो, औषधं कशी घ्यायची ते घरातल्या दोन-तीन माणसांना परत म्हणायला लावतात, एकट्या पेशंटच्या भरवशावर सोडत नाहीत. पैसे बाहेरच्या मानाने खूपच कमी लागले.

नंतरचा भाग मात्र खरा कठीण असतो, आणि घरचे तिथे होते त्याचा फायदा मला तेव्हा दिसला. ओझं उचलायचं नाही, हे बाईला सांगून काहीही उपयोग नसतो. ती म्हणते हो, आणि घरी जाऊन हंडा उचलते, कारण दुसरं कोण उचलणार. इथे ते सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर, भावासमोर सांगितलं गेलं होतं. भावाने तिथेच ठरवून टाकलं की माझी धाकटी पोरगी येऊन राहील आत्याकडे, नवऱ्याने पाणी भरायचं कबूल केलं, आणि जाऊ म्हणाली की जळणाचं मी बघते. डिस्चार्जच्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं पण माझ्या मते खरी ट्रीटमेंट तीच होती. मावशी सुट्टी संपवून शाळेत परत आल्या तेव्हाही भाताचा गंज उतरवायला आम्ही दुसऱ्या माणसाची सोय केली, तेवढं तर आपणही करायला पाहिजे.

घरच्यांना सोबत घेऊन काम करायची ही रीत त्यांची जुनी आहे. तुमच्या-माझ्या गावात आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी अशी बेचाळीस दिवसांपर्यंत चकरा मारते, त्याची सुरुवात इथूनच झाली. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं, पुढे २०११ मध्ये सरकारने देशभर आशांमार्फत घरी भेटी सुरू केल्या. मावशींच्या सुनेच्या वेळी मी बघितलंय, आशाताई आली की बाळाची आजी आधी खाटेजवळ येऊन उभी राहते, काट्यावर आकडा किती आला ते तीच विचारते. त्या घरात बाळाला कधी आंघोळ घालायची, कधी अंगावर पाजायचं, काय बांधायचं हे आई ठरवत नाही, आजी ठरवते. तिला बाजूला सारून कोणी आईला लेक्चर दिलं असतं तर दार बंद झालं असतं.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला पाहिजे, कारण असं सगळं वाचून लोकांना वाटतं की आदिवासींचं कुटुंब म्हणजे सगळं गोडच. तसं नाहीये आणि तसं रंगवणं म्हणजे त्या बायकांवर अन्याय आहे. ज्या गावात सगळे मिळून ठरवतात, त्याच भागात पाळीच्या दिवसात बायकांना घराबाहेर वेगळ्या कुर्माघरात राहायला लागतं, पावसाळ्यात गळणाऱ्या, विजेची सोय नसलेल्या झोपडीत, सापाविंचवाच्या भीतीत. हेही समाजच ठरवतो. मावशींनी इतकी वर्षं त्रास लपवला त्याच्यामागे हेच सगळं आहे, बाईचं दुखणं म्हणजे विटाळाची गोष्ट. दारूचंही तसंच. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांनी, विशेषतः बायकांनी लढून मिळवली, २०१६ पासून मुक्तिपथ या व्यसनविरोधी कार्यक्रमातून गावोगावी दारू-तंबाखूविरोधात काम चालू आहे, तरी खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बघा, शाळेतल्या पोरांच्या खिशात सापडतो मला. म्हणून नातेवाइकांना आत घ्यायचं म्हणजे त्यांचं सगळं बरोबर मानायचं असं नाही. डॉक्टरीणबाईंनी आधी मावशींना एकटीला विचारलं, मग घराला बोलावलं, ही जी ओळ आहे ना कोण आधी आणि कोण नंतर, ती बाकीच्या दवाखान्यांनी जशीच्या तशी उचलावी. त्याला झोपड्या बांधायची गरज नाही, पैसेही लागत नाहीत. गोंडी, माडिया, कोरकू, भिली, जिथे जी भाषा असेल ती बोलणारं एक माणूस ठेवा, नातेवाइकांना बसायला आणि रांधायला शेड द्या, आणि सहीसाठी घाई करू नका. गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ३८ टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी आहेत, इथे तरी हा नियम असायला हरकत नसावी.

जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. बरीच मोठी ऑपरेशनं कॅम्पमध्ये होतात, मुंबई-पुणे-नागपूरकडून स्पेशालिस्ट डॉक्टर येतात, मणक्याचेसुद्धा, त्यामुळे आधी ओपीडीत दाखवून नाव नोंदवा आणि तारीख विचारून घ्या, एकदम सामान घेऊन जाऊ नका. साप चावला, अपघात झाला, बाळंतपण अडलं तर शोधग्रामच्या नावाने लांबून येत बसू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात जा किंवा १०८ ला फोन लावा. पावसाळ्यात कोरची-एटापल्लीकडून येणाऱ्यांनी नाल्यांचा अंदाज घेऊन निघा, पूल पाण्याखाली गेला की दिवस वाया जातो. जुने कागद, गोळ्यांच्या पट्ट्या, आधार, रेशनकार्ड सोबत घ्या. राहायचं असेल तर अंथरूण-पांघरूण, थोडे तांदूळ-डाळ, टॉर्च.

आणि घरात ज्याच्या हो म्हणण्यावर काम अडतं त्याला पहिल्याच चकरेला सोबत न्या, मग तो मामा असो, सासू असो की थोरला दीर. आम्ही भावाला पहिल्या दिवशीच नेलं म्हणून नंतर कोणाला समजवायला गावाकडे पळावं लागलं नाही. मावशींची जाऊ आता तिच्या गावच्या आणखी दोघींना घेऊन जाणार आहे, त्यांच्या घरी बोलणी चालू आहेत, एकीची सासू अजून तयार नाही, तर जाऊ म्हणते सासूलाच आधी कंबर दाखवायला घेऊन जाते.